व्याह्याची लाल पिशवी

सारिका शेवटी हिर्डोशीलाच गेली आणि नाना हरले. गुरुवारी दुपारी पावणेबाराला हे घडलं. त्याला तीन साक्षीदार आहेत आणि त्यातला एक डॉक्टर आहे. पण ते घडलंच नाही, असं नानांनी ठरवलंय. माणूस नुकताच ऑपरेशनमधून उठलाय, त्याच्या मनाविरुद्ध जाणं बरं नाही. तेव्हा आपणही तसंच धरून चालू. काहीही घडलेलं नाही. आज मंगळवार आहे, सकाळचे नऊ वाजलेत आणि नाना जिंकायच्या तयारीत खाटेवर उताणे पडलेत.

भोरातल्या एका खासगी दवाखान्याचा पहिला मजला. खोलीत खाटा दोन. खिडकीकडच्या खाटेवर पासलीचे नाना, दाराकडच्या खाटेवर हिर्डोशीचे मानसिंगराव. नाना मुलीचे वडील, मानसिंगराव मुलाचे. दोघं एकमेकांचे व्याही आणि दोघांची प्रोस्टेटची गाठ काल एकाच दिवशी दुर्बिणीतून काढलेली, कारण पुण्याचा सर्जन भोरला फक्त सोमवारी यायचा.

आता न्यायाचं बोलायचं तर गाठ आधी नानांची वाढली होती. सोनोग्राफीत पंचावन्न ग्रॅम आली. नानांनी व्याह्यांना फोन करून आकडा सांगितला. अभिमानानं नाही, पण अगदीच दुःखानंही नाही. त्यानंतर दोन महिन्यांत मानसिंगरावांनी सोनोग्राफी केली आणि त्यांची अठ्ठ्याहत्तर ग्रॅम भरली. त्या दिवशी नाना जेवले नाहीत.

"ह्या माणसानं माज्या मांडवात बी असंच केलं हुतं," ते सारिकाला फोनवर म्हणाले. "शंभर माणसं आणतो म्हणला आन् दीडशे आणली."

सारिका ही नानांची एकुलती एक लेक. चार वर्षांपूर्वी तिची आई गेली, दोन वर्षांपूर्वी तिचं मानसिंगरावांच्या अजितशी लग्न झालं, आणि पासलीच्या घरात नाना, एक म्हैस आणि टीव्ही एवढेच उरले. तिघांत टीव्हीच तेवढा बोलायचा. लेकीला भेटायला नाना पाच वेळा हिर्डोशीला जाऊन आले, आणि पाचही वेळा पासलीच्या विहिरीच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन खांद्यावर घेऊन गेले. लेकीला मूल होईस्तोवर बापानं तिच्या सासरचं पाणी पोटात जाऊ द्यायचं नाही, हा त्यांच्या घराण्याचा नेम होता. पासली ते हिर्डोशी म्हणजे तीन गाड्या बदलायच्या आणि शेवटी चालायचं. कॅन पोहोचेपर्यंत नाना अर्धा पिऊन मोकळे व्हायचे.

"आमच्या पाण्यात काय औषध टाकलंय व्हय पाव्हणं?" मानसिंगराव दर वेळी विचारायचे.

"तसं न्हाई. नेम हाय."

"आन् च्या कशाचा पिताय?"

"दुधाचा," नाना म्हणायचे.

तर अशा दोन माणसांच्या मूत्राशयातून आता सारखं पाणी खेळत होतं. खाटेशेजारी उंच दांड्याला सलाईनच्या मोठ्या बाटल्या टांगलेल्या, तिथून नळी आत, आतून दुसरी नळी बाहेर आणि खाली पिशवी. काल संध्याकाळी स्नेहल सिस्टरनं सारिकाला शेजारी उभं करून सगळं समजावलं होतं.

"आत रक्ताच्या गाठी धरू नयेत म्हणून हे धुणं चालू ठेवायचं. नळीला तीन तोंडं. एकातून पाणी आत जातं, एकातून बाहेर येतं, तिसरं आतल्या फुग्याचं. त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. जेवढं आत गेलं तेवढं बाहेर आलंच पाहिजे, वर लघवीचं आणखी. बाहेरचा रंग लाल असेल तर मी पाणी जोरात सोडणार, फिकट झाला की हळू करणार. वरची बाटली कोरडी पडू द्यायची नाही, खालची पिशवी फरशीला टेकवायची नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं काय?"

"बाहेर यायचं थांबलं तर तुमाला हाक मारायची," सारिका म्हणाली.

"चूक. आधी वरून येणाऱ्या पाण्याची चावी बंद करायची, मग हाक मारायची. आत येतंय आणि बाहेर जात नाही, तर ते जाणार कुठं?"

सारिकानं वहीत दोन रकाने पाडले. एकावर 'नाना', दुसऱ्यावर 'मामा'. सासऱ्यांना ती मामा म्हणायची. कुठली बाटली कधी लागली, कुठली पिशवी कधी रिकामी झाली आणि किती भरली, ते ती लिहायला लागली. पिशवी सिस्टर हातमोजे घालून रिकामी करायची, सारिका आकडा मांडायची.

आणि इथंच पहिला अन्याय झाला. मानसिंगरावांची गाठ मोठी, त्यामुळे रक्त जास्त, त्यामुळे पाणी जोरात, त्यामुळे पिशवी सारखी भरणार. सकाळपर्यंत 'मामा' रकान्यात नऊ ओळी झाल्या आणि 'नाना' रकान्यात तीन. सारिकाचं स्टूल दोन खाटांच्या मध्ये होतं, पण तोंड मानसिंगरावांच्या पिशवीकडे आणि पाठ नानांकडे. नानांना लेकीची वेणी पाठ झाली.

दहा वाजता हिर्डोशीहून मानसिंगरावांच्या भावकीतला गेनू भेटायला आला. त्यानं मानसिंगरावांकडे बघितलंच नाही. वाकून सरळ पिशवी बघितली.

"अरारारा! काका, ह्ये तर निस्तं कोकम!" त्यानं मोबाईल काढून फोटो घेतला. "घरी दावतो समद्यांस्नी."

मग आलाच आहे तर म्हणून तो नानांच्या पिशवीकडेही वळला.

"तुमचं बरं हाय नाना. गुलाबाच्या सरबतावानी. त्यात बी पाणी जास्त."

नाना छताकडे बघत राहिले. जन्मभर भात लावला, एकदा सरपंचपदाला अकरा मतं घेतली, आणि शेवटी पाणी जास्त झालेलं सरबत म्हणून ओळख झाली.

साडेदहाला अजितचा फोन आला. वडिलांना तो आबा म्हणायचा. त्याचं नसरापूरला गॅरेज होतं, मागं कुणीतरी पत्रा ठोकत होतं, म्हणून सारिकानं फोन स्पीकरवर टाकला. त्यामुळे पुढचं सगळं नानांनाही ऐकू आलं.

"गेनूनं फोटो पाठवला. आबांचं जास्तच दिसतंय गं. आईच्या गुडघ्यानं काय हुत न्हाई. मग सुट्टी झाल्यावर पंधरा दिवस तुला घरीच ऱ्हावं लागंल."

"आन् नाना?"

"नानांचं बरं हाय म्हणं. हे बघ, सरळ हिशोब. ज्याला जास्त तरास, त्याच्याकडं तू. नानांना जास्त असंल तर तू खुशाल पासलीला जा. मग आबांचं मी बघतो."

नानांच्या डोळ्यांसमोर पंधरा दिवस उभे राहिले. सकाळी चुलीपाशी बांगड्या वाजतायत. कुणीतरी म्हणतंय, नाना, उठा, च्या झाला. म्हशीनंसुद्धा वळून बघितलंय. आणि हे सगळं हातातून निघून चाललंय ते केवळ व्याह्याची पिशवी लाल आहे म्हणून.

"पाव्हणं," पलीकडून मानसिंगराव म्हणाले, "तुमाला लौकर बरं वाटतंय ते चांगलं झालं हां."

हे बोलणं नानांना सहन झालं नाही.

आता नाना पडले भातशेतीवाले. पासलीला एकाखाली एक खाचरं, वरच्याचं पाणी खालच्याला, आणि कुणाच्या खाचरात किती पाणी यावरून कुणाचा शब्द किती चालतो ते ठरायचं. त्यांनी आपल्या दांड्यावरच्या चावीकडे बघितलं. मग व्याह्याच्या चावीकडे बघितलं. पलीकडे धार, इकडे थेंब. भांडण सरळ पाण्याचं होतं, आणि पाण्याची भांडणं नाना गेली चाळीस वर्षं जिंकत आलेले.

सिस्टर मानसिंगरावांची पिशवी भांड्यात रिकामी करून भांडं घेऊन मोरीकडे गेली, सारिका मागोमाग आकडा बघायला गेली. नानांनी हात वर करून चावी पुरी सोडली.

पाणी धो धो सुरू झालं. नाना समाधानानं खाली बघत राहिले. आणि बघता बघता पिशवीतलं सरबत होतं तेही गेलं. गुलाबी होतं ते फिकट झालं, फिकट होतं ते पांढरं झालं. जेवढं पाणी जास्त तेवढा रंग कमी, ही साधी गोष्ट त्यांच्या लक्षात आली तेव्हा स्नेहल सिस्टर दारात उभी होती.

"अरे वा! नाना, एकदम स्वच्छ! एक मिनिट. चावी कुणी सोडली?"

"आपसूक सुटली."

"चावी आपसूक सुटत नसते."

"वारं आलं आसंल."

सिस्टरनं पाणी परत हळू केलं आणि बोट दाखवून सांगितलं, "ह्याला हात लावायचा नाही. किती सोडायचं ते रंग बघून मी ठरवणार. पण प्रगती छान आहे हां. असंच राहिलं तर उद्या पाणी बंद, परवा नळी काढून घरी."

"बघा," मानसिंगराव म्हणाले. त्यांच्या आवाजात सहानुभूती होती, आणि ती नानांना सुईसारखी टोचली.

सारिकानं वहीत लिहिलं : नाना – स्वच्छ. मग ती परत नानांकडे पाठ करून बसली.

दुपारचे तीन वाजले. सारिका खाली चहा आणायला गेली, सिस्टर दुसऱ्या खोलीत इंजेक्शन द्यायला गेली. नाना पडल्या पडल्या विचार करत होते आणि विचार करता करता त्यांना आपली सकाळची चूक सापडली. पाणी सोडलं ते बरोबर होतं. पण खालचं तोंड उघडंच ठेवलं होतं. असं कुठला शेतकरी करतो? आधी खालच्या बांधाचं तोंड चिखलानं बुजवायचं, मग वरून पाणी घ्यायचं. खाचर टम्म भरलं की मग बांध फोडायचा. सारिका चहा घेऊन आली की बांध फुटणार, पिशवी घळाघळा भरणार, आणि ती स्टूल फिरवून म्हणणार, अगं बाई, नानांचं केवढं जास्त!

त्यांनी वरची चावी सोडली. खालची नळी दुमडली, दुहेरी केली आणि मांडीखाली घालून तिच्यावर नीट बसले.

खाचर भरायला अर्धा दिवस लागतो. मूत्राशय खाचराएवढं नसतं. मोठा तांब्या धरा फार तर. पाचव्या मिनिटाला नानांना ओटीपोटात जड वाटलं. सातव्या मिनिटाला पोट दगडासारखं लागलं आणि कपाळावर घाम आला. नवव्या मिनिटाला कळ अशी आली की गुडघे वर ओढले गेले, सगळं अंग त्या मांडीवर कलंडलं आणि नळी आणखी घट्ट दाबली गेली. आता बांध फोडायला हात पोहोचेना. हाक मारायची तर समोर व्याही जागा. व्याह्यादेखत हाक मारायची? नानांनी दात आवळले आणि खिडकीबाहेरच्या एस.टी.कडे बघून हसल्यासारखं केलं.

"पाव्हणं," मानसिंगराव म्हणाले.

नानांनी एस.टी.ची पाटी वाचायला घेतली.

"पाव्हणं, तुमची पिशवी दीडशेवर थांबलीय. धा मिंटं झाली. म्या बघतोय मघापासनं. वरनं येतंय, खाली काय बी न्हाई."

"बघू नगा तुमी," नाना कण्हत म्हणाले.

मानसिंगरावांनी क्षणभर त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली, "सारिकेऽऽ! पळ! बापाचं तुंबलंय!"

सारिका दारात होती. तिनं चहाची किटली जमिनीवर ठेवली, दोन ढांगांत खाटेशी आली, आणि आधी वरची चावी बंद केली. मगच ओरडली, "सिस्टर!" मग पिशवीपासून नळी धरून ती वर वर चाचपत आली. मांडीपाशी नळी संपली. तिनं नानांना कुशीवर लोटलं आणि खालून दुमडलेली नळी ओढून सरळ केली.

बांध फुटला. पण नुसतं पाणी आलं नाही. आधी भसकन धार आली, मग काळपट गाठी आल्या, आणि एक गाठ आतच आडवी बसून परत सगळं थांबलं. स्नेहल सिस्टर धावत आली, तिनं नानांचं पोट दाबून बघितलं आणि डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी हातमोजे घातले, मोठ्या सिरिंजनं हळूहळू पाणी आत घालून, बाहेर ओढून तीन गाठी काढल्या. नाना तेवढा वेळ कुलदैवताला ज्या भाषेत बोलत होते ती इथं देता येत नाही. मग नळी मोकळी झाली, पोट मऊ झालं आणि पाणी परत चालू झालं. जोरात.

नानांनी डोळे उघडले.

"कसलं दिसतंय?" त्यांनी खोल गेलेल्या आवाजात विचारलं.

"लाल," सिस्टर म्हणाली.

"त्यांच्यापरीस?"

सिस्टरनं डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी सारिकाकडे बघितलं. सारिका हातातल्या नळीकडे बघत होती, जिथं दुमडल्याची पांढरी खूण अजून दिसत होती.

"ही वाकली न्हाई," ती म्हणाली. "ही वाकवलीय. दुहेरी करून. नाना?"

"खाचर भरीत हुतो," नाना म्हणाले.

"नाना, मूत्राशय फाटलं असतं," सिस्टर म्हणाली. "आणखी थोडा वेळ गेला असता तर मी इथं नाही, पुण्याच्या अॅम्ब्युलन्समध्ये असते तुमच्याबरोबर."

पाण्याचा आवाज तेवढा येत होता, दोन्ही खाटांचा, आता जवळजवळ सारखा.

"तू एकदा बी माज्याकडं तोंड करून बसली न्हाईस," नाना छताला म्हणाले. "समदं त्यांच्या पिशवीकडं."

सारिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं वहीत मांडलं नाही.

"मामांची पिशवी सारखी भरत हुती म्हणून. तुमचं बरं हुतं म्हणून म्या निर्धास्त हुते. बरं हाय त्याच्याकडं कोण टक लावून बसतंय?"

"आन् माजं काय बरं चाललंय?" दाराकडच्या खाटेवरून आवाज आला. सगळे वळले. मानसिंगराव उशीवर कोपर टेकून लालबुंद झाले होते. "दोन दीस झालं ही पोरगी माज्या पिशवीशी बोलतीय. मामा म्हणून एक सबूद न्हाई. आन् पाठमोऱ्यानं समद्या गप्पा तुमच्याशी. म्हैस किती देती, विहिरीवरचा आंबा मोहरला का, शेजारची बाळाबाई कशी हाय. म्या उगं पडून ऐकतोय. मग काय करणार, तुमच्या पिशवीवर डोळा ठिवला. किती जातंय, किती येतंय. थेंब न् थेंब मोजलाय म्या तुमचा."

"माजा?"

"मग! जळत हुतो म्हणून ध्यान हुतं. आपुलकीनं बघत असतो तर कवाच झोप लागली असती. मेला असता तुमी."

नानांना हे नवीन होतं. आयुष्यात पहिल्यांदा व्याह्यांना त्यांचा हेवा वाटला होता, आणि तोही दोन दिवस सलग. त्यांना एकदम बरं वाटलं. सिस्टरनं नाडी बघितली तर नाडीही सुधारली होती.

सारिकानं स्टूल उचललं, दोन खाटांच्या बरोबर मध्ये ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. उजव्या हाताला एक पिशवी, डाव्या हाताला दुसरी. संध्याकाळपर्यंत ती कुणाशीच बोलली नाही. दोन्ही व्याह्यांनी शाळेतल्या पोरांसारखं गपचूप पडून पाणी घेतलं. मंगळवार असा संपला.

बुधवारी दोघांचंही पाणी फिकट झालं, मग आणखी फिकट, आणि संध्याकाळी सिस्टरनं दोघांच्याही चाव्या एकाच वेळी बंद केल्या. एकाच वेळी बंद करा, असा दोन्हीकडून आग्रह होता. गुरुवारी नळ्या निघाल्या. दोघांनीही आपापल्या बळावर लघवी केली. कुणाची धार जास्त ते सिस्टरला विचारण्यात आलं, तिनं उत्तर दिलं नाही.

आणि मग पावणेबारा वाजले. जे घडलंच नाही ते आता घडायला लागलं.

"घरी जा, पण रोज तीन लिटर पाणी प्यायचं," डॉक्टर म्हणाले. "जड उचलायचं नाही, लांबचा प्रवास पंधरा दिवस नाही."

"आन् म्या हिशोब केलाय," सारिका म्हणाली. "दोघांस्नी सारकाच तरास हाय, एकाला देवाच्या करणीनं आन् एकाला सोताच्या. दोघं बी हिर्डोशीला. पडवीत दोन खाटा टाकते. म्हशीला गेनू घिऊन यील टेम्पोत."

"पासलीला चल की," नाना म्हणाले.

"तिकडं मामा यायचं न्हाईत."

"का न्हाई येणार?" मानसिंगराव म्हणाले. "पर तिथलं पाणी मला बाधतं."

नाना उठून बसले. "पोरी, तुज्या घरचं पाणी मला चालत न्हाई. ठाऊक हाय तुला. रोजचं तीन लिटर. पंधरा दीस. आन् कॅन उचलायचा न्हाई म्हणत्यात. मंग म्या प्यावं काय?"

"च्या प्या," मानसिंगराव म्हणाले. "दुधाचा."

सारिकानं कपड्यांच्या पिशव्या भरल्या, नानांच्या खांद्यावर शाल टाकली, आणि यावेळी त्यांच्याकडे तोंड करूनच म्हणाली, "चला. मागल्या शिटावर मधी म्या बसते."

नानांनी मान डोलावली. पण उठायच्या आधी त्यांनी तिच्या वहीतला एक कोरा कागद मागून घेतला आणि दवाखान्याच्या खाटेवरच बसून खालीलप्रमाणे लिहिलं. खाली गाडी वाट बघत उभी होती.

प्रति,
मा. आगारप्रमुख साहेब,
राज्य परिवहन, भोर.

विषय : पासली ते हिर्डोशी थेट एस.टी. सुरू करून अर्जदाराचे पाणी पोहोचते करणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज करण्यात येतो की, अर्जदाराच्या मूत्राशयाचे धुणे नुकतेच समाधानकारकरीत्या पार पडले असून डॉक्टरांच्या आदेशान्वये अर्जदारास दररोज तीन लिटर पाणी पिणे बंधनकारक आहे. तथापि, अर्जदार लेकीच्या सासरी मुक्कामास असल्याने व सदर ठिकाणचे पाणी घराण्याच्या नेमास धरून नसल्याने, पासली येथील विहिरीचे पाणी रोज सकाळी पहिल्या गाडीने हिर्डोशीस येणे जरूर आहे. मधे तीन गाड्या बदलणे पाण्यास शक्य नाही. तरी मेहेरबान साहेबांनी उद्यापासून पंधरा दिवस थेट गाडी सुरू करावी, कॅनसाठी एक आसन राखून ठेवावे व पूर्ण तिकीट न घेता ज्येष्ठ नागरिकाची सवलत द्यावी. तसेच चालक व वाहक यांना सक्त ताकीद देण्यात यावी की, सदर पाण्यातील एक थेंबही कोणी मागितल्यास, विशेषतः अर्जदाराच्या व्याह्यांनी मागितल्यास, देण्यात येऊ नये. मात्र कॅन उतरवताना तो पडवीतील दाराकडच्या खाटेवरून नीट दिसेल अशा रीतीने, दोन्ही हातांनी वर धरून उतरवावा, ही नम्र विनंती.